रामदेवरायाचा नातू दिल्लीचा सुलतान झाला होता का? अल्लाउद्दीन खिलजीचं घर आणि दरबार, सोप्या भाषेत

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक रील आली, दौलताबादचा किल्ला, मागे ढोल-ताशा, आणि वर मोठ्या अक्षरात "देवगिरीच्या यादवांचा नातू दिल्लीच्या तख्तावर!" झालं, दोन दिवस ग्रुप पेटलेला. एक काका म्हणाले फेक आहे, आत्याने अभिमानाचे सहा इमोजी टाकले, कोणीतरी म्हणालं यात अभिमान कसला, मुलगी द्यावी लागली शत्रूला. शेवटी भाच्याचा फोन आला, मामा तू ते इतिहासाचं वाचत असतोस ना, खरं काय ते एकदाच सांग.

तर बाबा, गोष्ट खरी आहे. १३१६ साली जानेवारी ते एप्रिल असे तीनएक महिने दिल्लीच्या तख्तावर शिहाबुद्दीन उमर नावाचं पोर होतं, वय पाच-सहा वर्षं. बाप अल्लाउद्दीन खिलजी आणि आई झत्यपाली, म्हणजे देवगिरीच्या रामदेवरायाची मुलगी (फारसी लिपीतून येता येता नावाची अशी मोडतोड झालीय). ही माहिती इसामी नावाच्या इतिहासकाराकडून येते, जो स्वतः दौलताबादला राहिलेला माणूस होता.

पण रीलवाल्याने इथेच थांबून मोठा घोळ केलाय, कारण खरा प्रश्न पुढचा आहे. या पोराला निदान तीन मोठे भाऊ होते, तिघेही जिवंत, एक तर जाहीर केलेला वारस, मग हे लहान पोर कसं बसलं? आणि ज्याने बसवला तो गुजरातेत पकडून आणलेला एक गुलाम होता, हे कसं काय? हे समजायचं तर सुलतानाचं घर कसं चालायचं ते बघावं लागतं, आणि ते लढायांच्या सनावळीपेक्षा फार इंटरेस्टिंग आहे.

घर आणि कचेरी एकच

आपल्या डोक्यात सरकार म्हटलं की मंत्रालय येतं आणि साहेबांचा बंगला वेगळा येतो. मध्ययुगात तसं नव्हतं. सुलतानाच्या घोड्यांची पागा बघणारा, जेवणाची देखरेख करणारा, दारावर उभा राहून कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा, ही सगळी राज्यातली मोठी पदं होती आणि मोठ्या घरच्या लोकांना मिळायची. अल्लाउद्दीन स्वतः तरुणपणी त्याच्या काकाच्या दरबारात अमीर-ए-तुझुक होता, म्हणजे समारंभाची मांडामांड बघणारा, आणि त्याचा सख्खा भाऊ अलमास बेग घोड्यांच्या पागेचा प्रमुख. आज ऐकायला तबेलेवाला वाटतं, पण ज्या राज्याची सगळी ताकद घोडदळात आहे तिथे पागा कोणाच्या हातात आहे हा काही छोटा प्रश्न नाही.

आता साहेबांच्या केबिनबाहेर बसणारा शिपाई आठवा. पगार काहीच नाही, पण आत चिठ्ठी जाणार की नाही हे तो ठरवतो, म्हणून मोठेमोठे कंत्राटदार त्याला "काय राव कसं काय" करतात. सुलतानाच्या दरबारात हेच हजारपट मोठं करून बघा. सुलतानाच्या अंगाजवळ कोण पोचू शकतो, कानाला कोण लागू शकतो, त्याच्यावर सत्ता ठरायची. हुजूर हा आपला शब्दच बघा, मूळ अरबी अर्थ हजेरी, समोर असणं. आणि नायब तहसीलदार म्हणतो ना आपण, तो नायब पण इथलाच, नायब म्हणजे मालकाच्या जागी काम बघणारा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

सुलतान म्हणून खरा मान्य कोण, याच्या तीन खुणा होत्या. डोक्यावर छत्र, नाण्यावर नाव, आणि शुक्रवारच्या नमाजाच्या वेळच्या प्रवचनात म्हणजे खुत्ब्यात नाव. ज्याचं नाव या तिन्ही ठिकाणी, तो सुलतान. त्याने ते कसं मिळवलं हे विचारायची फारशी पद्धत नव्हती, आणि इथेच सगळी मेख आहे.

तख्ताला सातबारा नसतो

आपल्याकडे बाप गेला की तलाठ्याकडे वारस नोंद होते, भांडणं होतात पण निदान यादी तरी असते. दिल्लीच्या तख्ताला असा सातबारा नव्हता. थोरल्याचाच हक्क असा पक्का नियम नाही, सुलतान एखाद्याचं नाव घ्यायचा पण ते नाव सुलतान मेल्यावर अमीर-उमरावांनी मानलं तर मानलं. म्हणजे राजघराण्यातला प्रत्येक धडधाकट पुरुष हा उमेदवार. मुलगा, भाऊ, पुतण्या, भाचा, जावई सगळे. भाऊबंदकी आपल्याला नवीन नाही, बांधावरून कोयते निघतात, इथे बांधाच्या जागी दिल्ली होती एवढंच.

अल्लाउद्दीनला हे पुस्तकात वाचायची गरज नव्हती, त्याने स्वतः केलं होतं. त्याचा काका जलालुद्दीन १२९० मध्ये सुलतान झाला, म्हातारा माणूस, स्वभावाने मऊ. वडील गेलेल्या या पुतण्याला त्याने लहानाचं मोठं केलं आणि स्वतःची मुलगी दिली. लग्न काही धड झालं नाही, बायको सुलतानाची लेक असल्याचा तोरा दाखवायची आणि सासू मलिका-ए-जहान तर त्याहून वरचढ, असं बरनी लिहितो (बरनी म्हणजे झियाउद्दीन बरनी, या काळाचा मुख्य इतिहासकार). घरात धुसफूस आणि डोक्यात महत्त्वाकांक्षा, आणि हातात प्रयागजवळच्या कडा नावाच्या ठिकाणची सुभेदारी. १२९६ च्या सुरुवातीला तो काकाला न सांगता काही हजार घोडेस्वार घेऊन एलिचपूरमार्गे, म्हणजे आपल्या अचलपूरमार्गे, थेट देवगिरीवर येऊन धडकला. रामदेवरायाचा मुलगा शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर गेलेला होता, तो परत येईपर्यंत उशीर झाला. अल्लाउद्दीन अफाट सोनं घेऊन परत गेला.

म्हणजे देवगिरीची लूट ही मुळात दिल्ली विकत घेण्यासाठी केलेली भांडवल उभारणी होती. जुलै १२९६ मध्ये कड्याजवळ गंगेच्या काठी, पुतण्या घाबरलाय त्याला धीर देऊ या म्हणून म्हातारा जवळजवळ निःशस्त्र नावेतून आला, बोलावून आणणारा कोण तर तोच धाकटा भाऊ अलमास बेग. अल्लाउद्दीन पाया पडला, काकाने गालावरून हात फिरवला, आणि तिथेच त्याला मारलं.

पुढची गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. दिल्लीत मलिका-ए-जहानने घाई केली, थोरला लढवय्या मुलगा अर्कली खान मुलतानला होता, त्याची वाट न बघता धाकट्याला तख्तावर बसवलं. थोरला रुसला, आलाच नाही. इकडे अल्लाउद्दीन पावसाळ्यात दिल्लीकडे निघाला तो मुक्कामामुक्कामाला मंजनीकातून, म्हणजे मोठ्या गोफणीसारख्या यंत्रातून, लोकांवर सोन्याचे तारे उधळत. देवगिरीचं सोनं ते. काकाचे सरदार फुटले, एकेक करून याच्याकडे आले. ऑक्टोबरमध्ये तो दिल्लीत सुलतान, आणि काकाच्या दोन्ही मुलांना, म्हणजे स्वतःच्याच मेव्हण्यांना, मुलतानात पकडून डोळे काढले.

आणि जे सरदार पैसे घेऊन फुटले होते? एकदा बूड स्थिर झाल्यावर त्याने त्यांनाच पकडलं, कोणाला मारलं कोणाला आंधळं केलं, मालमत्ता जप्त. जुन्यांपैकी फक्त तिघांना हात लावला नाही, ज्यांनी जुन्या मालकाच्या मुलांची साथ सोडली नव्हती आणि याचे पैसे घेतले नव्हते. मला हे फार बोलकं वाटतं, माणूस क्रूर होता पण निष्ठा कशाला म्हणतात ते त्याला नेमकं कळत होतं.

डोळेच का काढायचे?

हा प्रश्न भाच्याने विचारला आणि बरोबर विचारला. उत्तर घाण आहे पण हिशोबी आहे. राज्य करणारा माणूस शरीराने धड हवा, आंधळा माणूस सुलतान होऊ शकत नाही असं मानलं जायचं. त्यामुळे ज्याचे डोळे गेले त्याचा दावा संपला. स्वतःच्या रक्ताचा थेट खून केल्याचं बोल पण लागत नाही आणि उमेदवार पण यादीतून बाद. पुढे कोणाला धीर नसेल तर खून पण व्हायचाच, नाही असं नाही.

मग विश्वास ठेवायचा कोणावर?

सुरुवातीला अल्लाउद्दीनचा कारभार जवळच्या चार जणांवर उभा होता, चौघांना त्याने खान ही सगळ्यात वरची पदवी दिली. सख्खा भाऊ अलमास बेग झाला उलुघ खान, बाकी नुसरत खान, जफर खान, आणि बायकोचा भाऊ म्हणजे मेव्हणा अल्प खान. पैकी जफर खान १२९९ मध्ये मंगोलांशी लढताना गेला, नुसरत खान १३०१ मध्ये रणथंभोरच्या वेढ्यात गेला, उलुघ खान त्यानंतर लवकरच मेला. उरला मेव्हणा. अल्प खानाचं नाव डोक्यात ठेवा.

याच रणथंभोरच्या वाटेवर एक प्रसंग झाला जो सगळा दरबार एका चित्रात दाखवतो. तिलपतजवळ शिकार चालू असताना पुतण्या अकत खानाने अल्लाउद्दीनवर बाण मारले. एका गुलामाने मध्ये पडून वार झेलले, सुलतानाच्या पायदळी रक्षकांनी, ज्यांना पायक म्हणायचे, ढाली धरल्या आणि ओरडले की सुलतान मेला. अकत खानाने खरं मानलं, घोडा मारत छावणीत आला, तख्तावर बसला, सरदार येऊन मुजरे पण करायला लागले. सगळं पार पडलं. मग हा गडी जनानखान्यात शिरायला गेला तर दारावर मलिक दीनार आपली हत्यारबंद माणसं घेऊन उभा, म्हणाला, सुलतानाचं मुंडकं दाखव मग आत सोडतो. मुंडकं कुठून आणणार! तेवढ्यात शुद्धीवर आलेल्या अल्लाउद्दीनने एका उंचवट्यावर आपलं छत्र उभं करवलं, ते बघून आख्खी फौज इकडे पळाली, आणि अकत खानाचं तास-दोन तासाचं राज्य संपलं.

पुतण्याने मारायचा प्रयत्न केला, गुलामाने वाचवलं, दारवानाने वेळ काढून दिला. त्याच सुमारास बदायूं आणि अवधमध्ये दोन भाच्यांनी बंड केलं, दिल्लीत हाजी मौला नावाच्या माणसाने वेगळंच बंड केलं. मग अल्लाउद्दीनने विश्वासू लोक घेऊन बैठका केल्या की ही बंडं होतातच का. चार कारणं निघाली. राजाला प्रजेची खबर नसते, दारूच्या मैफली, सरदारांच्या आपापसातल्या सोयरिकी आणि मैत्र्या, आणि लोकांकडे साठलेला पैसा. उपाय पण तसेच, बातमीदार घरोघरी, दारू बंद (स्वतःची भांडी पण फोडली), पैसा कर लावून काढून घेतला, आणि सरदारांनी परवानगीशिवाय एकमेकांकडे जेवायला जायचं नाही की सोयरीक जमवायची नाही. विचार करा, पोरीचं स्थळ बघायला सुलतानाची परमिशन. पण त्याच्या बाजूने बघितलं तर दोन मोठी घरं व्याही झाली की दोन फौजा एक होतात.

(या बैठकीतल्या गोष्टी इतक्या बारकाईने बरनीला कशा माहीत, तर त्याचा काका अला-उल-मुल्क दिल्लीचा कोतवाल होता आणि अल्लाउद्दीनच्या खास मर्जीतला. तो इतका लठ्ठ होता म्हणे की महिन्यातून एकदाच दरबारात हजेरी लावायचा.)

गुलाम म्हणजे नक्की काय?

गुलाम म्हटलं की आपल्यासमोर साखळ्या आणि शेतात राबणारी माणसं येतात. तसेही होते, पण इथे मी बोलतोय ते दरबारी गुलाम वेगळे. लहानपणी पकडलेलं किंवा विकत घेतलेलं पोर, त्याचं गाव तुटलं, आईबाप तुटले, जात-धर्म बदलला, आता त्याला मालकाशिवाय कोणीच नाही. मालक त्याला घोडा शिकवतो, शस्त्र शिकवतो, कारभार शिकवतो. त्याच्याकडे कितीही अधिकार दिला तरी तो तख्तावर हक्क सांगू शकत नाही, निदान मालक जिवंत असेपर्यंत, कारण त्याच्यामागे ना खानदान ना भावकी. म्हणजे नातेवाईक जवळचा म्हणून धोक्याचा, आणि गुलाम परका म्हणून भरवशाचा, असं उलटं गणित. दिल्लीचे सुरुवातीचे अल्तमश आणि बल्बन हे सुलतान स्वतः गुलाम म्हणून विकले गेलेले होते. अल्लाउद्दीनकडे पन्नास हजार गुलाम होते असं अफीफ नावाचा नंतरचा इतिहासकार सांगतो.

मलिक काफूर हा त्यातलाच. १२९९ च्या गुजरात स्वारीत खंभातमध्ये नुसरत खानाच्या हाती लागला, टोपणनाव हजारदिनारी, कारण किंमत हजार दिनार. शिवाय तो खोजा होता, म्हणजे खच्ची केलेला, मूलबाळ होण्याचा प्रश्नच नाही, स्वतःचं घराणं काढणार कसं? सुलतानाच्या नजरेतून याच्याहून सेफ माणूस दुसरा नाही. आणि माणूस लायक होता हे मान्य करावंच लागतं, नाहीतर नुसत्या मर्जीवर वारंगळ, द्वारसमुद्र आणि पार मदुरेपर्यंत फौज नेऊन आणता येत नाही. त्याला पदवी मिळाली मलिक नायब. तोच आपला नायब. बरनी त्याच्याबद्दल लिहिताना अक्षरशः दातओठ खातो, गुलाम, खोजा, परधर्मातून आलेला, आणि आमच्या खानदानी लोकांच्या डोक्यावर बसलेला! बरनीचा राग बाजूला काढून त्याची माहिती घ्यावी लागते.

जनानखाना म्हणजे ऐयाशीचा अड्डा ना?

सिनेमात तसाच दाखवतात, कारंजी, द्राक्षं, नाच. खरा जनानखाना म्हणजे एक मोठं खटलं होतं. सुलतानाची आई, बायका, मुली, लहान मुलगे, दाया, दासी, खोजे, आणि त्यात प्रत्येक बाईचं माहेर. हो, माहेर. कारण बाईची ताकद तिच्या माहेरच्या माणसांत आणि तिच्या मुलात असायची.

अल्लाउद्दीनची आवडती बेगम माहरू, अल्प खानाची बहीण. तिचा मुलगा खिज्र खान, यालाच वारस ठरवलं होतं, चित्तोड जिंकल्यावर त्याचं नाव या पोराच्या नावाने खिज्राबाद ठेवलं. १३१२ मध्ये माहरूने आपल्या मुलाचं लग्न कोणाशी लावलं तर अल्प खानाच्या मुलीशी. मामाच्या मुलीशी! आपल्याकडे समजवायची गरजच नाही, घरातलं घरात राहावं म्हणूनच ना. पुढचा सुलतान खिज्र, त्याचा सासरा आणि मामा दोन्ही अल्प खान, सगळी किल्ली एका माहेरात.

दुसरीकडे कमलादेवी, गुजरातच्या कर्ण वाघेल्याची राणी, स्वारीत पकडून आणलेली. तिची मुलगी देवलदेवी बापाबरोबर निसटली होती, ती १३०७ च्या सुमारास आपल्या वेरूळजवळ सुलतानी फौजेच्या हाती लागली आणि दिल्लीला गेली. तिच्यावर खिज्र खानाचा जीव जडला, आणि त्या प्रेमावर दरबारी कवी अमीर खुसरौने मोठं काव्य लिहिलं, ज्याचा शेवट त्याला नंतर वाढवावा लागला, कारण गोष्टीचा शेवटच बदलला.

आणि तिसरी आपली झत्यपाली. तिचं माहेर देवगिरी. रामदेवरायाने खंडणी थांबवली म्हणून काफूरने १३०७-०८ मध्ये देवगिरीवर येऊन त्याला दिल्लीला नेलं, तिथे उलट त्याचा मान झाला, राय-ए-रायान पदवी, छत्र, पैसे देऊन परत पाठवलं. जावयाच्या घरी गेलेला सासरा असंच म्हणायला हवं, काही झालं तरी. रामदेवराय शेवटपर्यंत शब्दाला जागला, काफूरच्या दक्षिणेतल्या स्वाऱ्यांना रसद पुरवली. त्याच्यानंतर शंकरदेवाने मात्र जुमानलं नाही आणि १३१३ मध्ये काफूरने त्याला मारून देवगिरी खालसा केली. म्हणजे झत्यपालीचं माहेर बुडालं, भाऊ गेला, आणि तो मारणारा काफूर.

आता उत्तर जवळ आलंय. माहरूच्या मागे अल्प खान आणि गुजरातची फौज उभी. झत्यपालीच्या मागे कोणीच नाही.

शेवटचं वर्ष

१३१५ च्या सुमारास अल्लाउद्दीनला जलोदर झाला, पोट पाण्याने फुगलेलं, चिडचिड, संशय. त्याची तक्रार अशी की बायको आणि मुलगा लग्नं-मेजवान्यांत दंग, माझ्याकडे बघत नाहीत. त्याने देवगिरीहून काफूरला आणि गुजरातहून अल्प खानाला बोलावून घेतलं. काफूर आजाऱ्याच्या उशाशी बसला आणि तिथून उठलाच नाही. वर म्हटलं ना, अंगाजवळ कोण आहे. सुलतान अंथरुणात असला की राज्य त्या खोलीएवढंच होतं आणि त्या खोलीचं दार काफूरच्या हातात.

आधी अल्प खान महालातच मारला गेला. मग खिज्र खानाला अमरोह्याला पाठवलं. तिथे त्याने, बाबा बरे वाटतायत असं कळल्यावर, बोललेला नवस फेडत न विचारता दिल्ली गाठली, बापाने जवळ घेतलं, पण न विचारता आला हेच कारण काफूरने पुढे केलं आणि त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत झाली. माहरू नजरकैदेत. ४ जानेवारी १३१६ ला अल्लाउद्दीन वारला.

आता काफूरच्या जागी बसून बघा. तो स्वतः सुलतान होऊ शकत नाही. मोठा मुलगा बसवला तर तो मामाच्या खुनाचा बदला घेणार. मग असा मुलगा हवा जो खिलजी रक्ताचा आहे, पण इतका लहान की सही-शिक्का आपणच करू, आणि ज्याच्या आजोळची फौज दिल्लीवर चालून येणार नाही. उमर यात चपखल बसत होता. आजोळ तर काफूरने स्वतःच्या हाताने संपवलेलं. शिहाबुद्दीन उमर बसला तो यादवांचा नातू म्हणून नव्हे, यादव उरले नव्हते म्हणून.

काफूर रोज पोराला हजार सुतून म्हणजे हजार खांबांच्या महालात तख्तावर थोडा वेळ बसवायचा आणि मग आईकडे आत पाठवून द्यायचा. झत्यपालीशी त्याने नावापुरतं लग्न पण लावलं असं इतिहासकार लिहितात. खोज्याचं लग्न ऐकून लोक हसतात, पण ते लग्न कागदावरच्या पालकत्वासाठी होतं, पोराच्या आईचा नवरा म्हणून पोराचा पालक. भावाला मारणाऱ्या माणसाशी लग्न लागताना त्या बाईला काय वाटलं असेल हे लिहायची गरज कुठल्याच इतिहासकाराला वाटली नाही.

मग खिज्र खान आणि त्याचा भाऊ शादी खान, दोघांचे डोळे काढवले. राहिला तिसरा मुबारक, सतरा-अठरा वर्षांचा. त्याच्याकडे काफूरने पायक पाठवले, तेच ढाली धरणारे. मुबारकने त्यांना बापाच्या मिठाची आठवण दिली, गळ्यातला रत्नहार काढून दिला अशी कथा आहे, आणि ते परत फिरले ते थेट काफूरकडे. अल्लाउद्दीन गेल्यावर काफूर जेमतेम पस्तीस दिवस टिकला. गुलाम भरवशाचा असतो, पण मालक असेपर्यंत. मालक गेला की त्याच्यामागे उभं राहायला भावकी नसते, जी त्याची मेरिट होती तीच त्याला नडली.

मुबारक आधी पोराचा नायब झाला, दोन महिने शहाण्यासारखं वागला, आणि एप्रिलमध्ये स्वतःच तख्तावर बसला. धाकट्या सावत्र भावाचे डोळे काढून त्याला पण ग्वाल्हेरला पाठवलं. ज्या पायकांनी त्याला वाचवलं ते मिरवायला लागले, आम्हीच सुलतान केला म्हणून, तर त्यांना पण पांगवलं आणि म्होरक्यांना मारलं.

"हे त्यांच्यातच चालायचं, आपल्यात नाही"

ग्रुपवर हे पण आलंच. तर ज्या रामदेवरायाबद्दल आपण बोलतोय तो स्वतः १२७१ मध्ये गादीवर कसा आला? त्याचा चुलत भाऊ आमण गादीवर होता. महानुभावांच्या जुन्या ग्रंथांत गोष्ट आहे की रामदेवराय नाटकमंडळीच्या वेशात देवगिरीत शिरला, खेळ रंगात आल्यावर आमणला पकडलं, आणि त्याचे डोळे काढले. डोळेच. चुलत भाऊ, गादी, डोळे, तेच तीन पत्ते.

फरक नाही असं मात्र मी म्हणणार नाही. दिल्लीत गुलामांना वर चढवायची जी व्यवस्था होती तशी यादवांकडे दिसत नाही, आणि खिलजी स्वतः दिल्लीत नवखे होते, जुने तुर्क सरदार त्यांना मुळात मानायचेच नाहीत, त्यामुळे प्रत्येक सुलतानाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. तीस वर्षांत म्हणून एवढी पडझड.

"हे सगळं लिहिणारे खरं लिहितात कशावरून?"

चांगली शंका आहे. खुसरौ दरबारी कवी, पगार घेऊन लिहिणारा, काकाच्या खुनाबद्दल तो सोयीस्कर गप्प बसतो. बरनीने चाळीसएक वर्षांनी लिहिलं, म्हातारपणी, परिस्थिती खालावलेली, आणि मनात खानदानी लोकांचा अभिमान ठासून भरलेला. इसामीने १३५० च्या सुमारास दख्खनमध्ये बहमनी सुलतानासाठी लिहिलं, म्हणजे दिल्लीशी नुकत्याच फुटलेल्या दरबारात बसून. तिघांचे स्वार्थ वेगळे. म्हणून जिथे तिघांचं जुळतं तिथे पाय टाकायचा, आणि जिथे बंद खोलीतले संवाद शब्दशः येतात तिथे जरा मीठ लावून वाचायचं, मी वर तसे संवाद कमीच घेतलेत.

मग त्या पोराचं पुढे काय झालं?

१३१८ मध्ये मुबारक देवगिरीवर आला, रामदेवरायाचा जावई हरपालदेव याने बंड केलं होतं, त्याला पकडून हाल करून मारलं. परत जाताना वाटेत मुबारकला मारायचा कट उघड झाला, कट करणारा अर्थातच चुलत घराण्यातलाच. मुबारक इतका हादरला की त्याने ग्वाल्हेरला माणूस पाठवून कैदेतले तिघेही भाऊ, खिज्र, शादी आणि आठएक वर्षांचा उमर, मारून टाकले. तिघेही आधीच आंधळे होते.

दोनच वर्षांनी, १३२० मध्ये, मुबारकला त्याच्याच लाडक्या गुलामाने, खुस्रो खानाने, त्याच हजार सुतून महालात मारलं आणि उरलेसुरले मुलगे पण संपवले. पंजाबातून चालून आलेल्या गाजी मलिकने खुस्रो खानाला हरवलं आणि त्या महालात सगळे अमीर गोळा करून विचारलं, अल्लाउद्दीनच्या वंशातला कोणी उरलाय का, असेल तर त्याला बसवू. कोणीच उरलं नव्हतं. मग तो स्वतः बसला, तो तुघलक.

आणि त्या रीलमध्ये ढोल वाजताना मागे जी भरपूर खांबांची इमारत दिसते ना, दौलताबादला किल्ल्यात शिरल्यावर लागते, आज लोक जिला भारतमाता मंदिर म्हणतात, ती मुळात १३१८ ची जामी मशीद. बांधवून घेणारा हाच मुबारक, आणि वर्षही तेच.